मावशी आत गेल्या तेव्हा

"तुमी बघून या सर. मी हितंच बरी." धाराशिवच्या लेण्यांपाशी सहलीची बस थांबली, की आमच्या शाळेतल्या मावशी हे ठरलेलं वाक्य बोलायच्या आणि डब्यांच्या पिशव्या घेऊन झाडाखाली बसायच्या. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. सगळीकडं येतं आणि काहीच बघत नाही.

मावशी लोहाऱ्याकडच्या आमच्या शाळेत शिपाई होत्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. मी परंड्याचा, तिथं नवा, आणि मला चेष्टेची भारी हौस. "मावशी, दरवर्षी येताय, पण लेणी काळी का गोरी ठाऊक नाही तुम्हांला!"

"दगडच की सर. त्यात काय बघायचं?" असं म्हणून त्या कांदा चिरायला घ्यायच्या.

भूकंपानंतर मिळालेलं सरकारी घर त्यांच्याकडं होतं. त्यात फक्त सामान. त्या स्वतः अंगणात पत्र्याखाली निजायच्या, भर पावसाळ्यातसुद्धा. "सामानाला पक्कं घर आणि मालकीण बाहेर?" असंही मी एकदा विचारलं होतं. त्या हसल्या होत्या. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

पहाटेच्या त्या भूकंपात त्यांचा नवरा आणि दोन लेकरं दगडी भिंतीखाली गेली आणि मावशींना तेवढं दुपारी जिवंत बाहेर काढलं, हे मला फार उशिरा कळलं. तेही दुसऱ्या एका शिक्षकाकडून, बोलता बोलता. त्या भागात हे कोणी कोणाला सांगत बसत नाही. घरोघरी तेच.

मग मी चेष्टा सोडली आणि त्याहून वाईट काम केलं. त्यांना समजवायला लागलो. त्यांच्या निवृत्तीआधीची ती शेवटची सहल होती. "मावशी, घर बांधलेलं असतं, दगडावर दगड ठेवून. हे कोरलेलं आहे. अख्खा डोंगर एकच. पडायचा प्रश्नच नाही."

मावशींनी मान वर करून पाहिलं. शेजारच्या लेण्याचा पुढचा भाग कधीचा ढासळलेला होता.

"हे पडलंय की सर."

मावशी उठल्या, पदर खोचला. "पडू दे. एकदा पडून झालंय माझ्यावर. चला."

आत गार होतं. मी त्यांचा हात धरला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मोठ्या दालनाच्या कडेनं लहान लहान खोल्या आहेत. त्यांतल्या एकीपाशी त्या थांबल्या.

"इथं पूर्वी एक भिक्षू राहत असेल," मी म्हणालो.

त्या वाकून आत गेल्या. भिंतीवरून तळहात फिरवत कुठं सांधा लागतो का ते बघितलं आणि अगदी कडेला सरकून बसल्या.

"बारकी हाय," पातेल्याविषयी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. "पर आमी चौघं मावलो असतो."

खरं सांगायचं तर मला काही वाटत नव्हतं. सगळं बधिर झालं होतं. बाहेर पोरं हाका मारत होती आणि मी तसाच त्या खोलीच्या दारात उभा होतो.

"सर," मावशी म्हणाल्या, "दारातनं जरा सरा. उजेड येऊ द्या. लेकरांला अंधाराचं लई भ्या वाटतं."

मी बाजूला झालो.