डाव्या चाकाचा चुना

त्या सकाळी लारीत कोण कोण होतं ते आधी सांगते. म्होरं स्टेरिंगवर आमचे मालक, माझे घरधनी. मागं हौद्यात उजव्या अंगाला मामंजी, म्हंजे माझे सासरे, त्येंच्या शेजारी थोरले भाया, मालकांचे भाऊ, आन् चुलत सासरे. डाव्या अंगाला माझी सासू, तिला आमी आत्याबाई म्हणायचो, थोरली जाव अक्का, चुलत सासू आन् मी. मी दोन जिवाची होते, सातवा लागला होता. चाकं बसवून देणारा मिस्तरी लारीत न्हवता, पर त्येचं काम आमच्या बुडाखाली होतं, म्हून त्येला बी धरते. त्येच्यातलं आता कुणी न्हाय. मी तेवढी ऱ्हायले.

लारी आमची न्हवती. उमरग्याच्या एका अडत्याची होती, त्येला समदे अप्पा म्हणायचे. लहान लारी, मागं उघडा लाकडी हौदा. आमचे मालक तिच्यावर ड्रायव्हर. सडकेवर ती घोड्यावानी पळायची, पर सडक सोडली की तिचं कायबी चालायचं न्हाय. आमच्याकडची काळी माती. पाऊस पडला की चाकाला अशी धरती की दोन बैलं लावून वढावं लागायचं. चाकं बारीक होती ना.

निजामाचं राज्य जायच्या आधीचं ते धामधुमीचं साल. गावंच्या गावं हद्दीपल्याड निघाली होती. अप्पा आपलं बिऱ्हाड घेऊन आधीच सोलापूरला गेला. जाताना मालकास्नी म्हणला, "तुझी माणसं भर आन् लारी घेऊन ये. पर सडकेनं येऊ नको. निजामाच्या नाक्यावर लारी बी जाईल आन् तू बी जाशील." सडक सोडून रानातनं जायचं, त्ये बी श्रावणात. म्हून मोठे टायर.

टायर अप्पाच्या वखारीत पडून होते. लढाई संपल्यावर मिल्ट्रीचं सामान सोलापुरात ढिगानं इकलं, त्यातलं. नांगराच्या तासावानी खोल खोल खाचा. उभा केला तर माझ्या छातीला लागायचा. मालकांनी त्ये आमच्या खळ्यात आणून टाकले आन् मिस्तरीला बोलवून घेतलं. मिस्तरी उमरग्याच्या बाजारात बसायचा, दखनी बोलायचा.

मालक म्हणले, "मिस्तरी, बसतील का?"

त्येनं टायरभवती एक चक्कर मारली. म्हणला, "बैठेंगे तो सही. घूमेंगे नई."

आन् तसंच झालं. चाकं बसली, पर म्होरचं चाक वळवलं की मडगारीला, वरच्या पत्र्याला, घासायचं, मागं वजन पडलं की हौदा खाली येऊन टायरवर टेकायचा. आत्याबाई खळ्याच्या कडंला चंची उघडून बसल्या होत्या. म्हणल्या, "पाय मोठा झाला आन् वहाण तीच. घासणारच की रे."

मिस्तरी हसला. "अम्मा ने एक बात में बोल दिया. हम सुबे से डोका फोड रे."

मंग त्येनं म्होरच्या मडगारीच्या कडा छन्नीनं कापल्या आन् हातोड्यानं आत दुमडल्या, टायरला धार लागू नये म्हून. मागच्या अंगाला हौद्याखालच्या कमानीचे पोलादी पाटे आन् चाकाचा आस यांच्या मधी बाभळीचे ठोकळे घातले. बाभूळ जुनी होती, आमच्या मोडक्या मोटंच्या सांगाड्याची. ठोकळ्यांनी हौदा वर उचलला. आता लारी अशी उंच झाली की चढायला उखळ पालथं घालावं लागायचं. अक्का म्हणली, "ह्याच्यावर चढायचं का उंटावर?"

घासतंय का न्हाय हे बघायची मिस्तरीची एक रीत होती. हौद्याच्या खालच्या फळीला, टायरच्या बरोब्बर वर, चुना लावायचा. टायर टेकला तर चुना पुसला जातो आन् टायरवर पांढरी रेघ उमटती. त्यो म्हणला, "अम्मा, चुना देव थोडा."

आत्याबाईंनी पानाच्या चुन्याची डबी दिली. "समदा संपवू नगंस रे बाबा, मला पान खायाचंय."

फट बारीक होती, मिस्तरीचा पंजा आत जाईना. माझा हात बारीक. मीच बसत बसत गेले आन् दोन्ही अंगाला बोटांनी चुना लावला. चार बोटांचे पट्टे उमटले, भितीला सारवावं तसे.

मंग वजन बघायला ज्वारीची पोती भरली. मिस्तरीनं एक पोतं ह्या अंगाला, एक त्या अंगाला, असं सारखं ठिवायला लावलं. मालकांनी लारी खळ्याला फिरवली, बांधावरनं आपटत नेली, दोन्हीकडं पुरती वळवली. खाली बघितलं तर माझी बोटं जशीच्या तशी. मिस्तरी म्हणला, "दोनों बाजू सरखा वजन रखो. एक बाजू झुकी तो टायर खा जाएगा." हे समद्यांनी ऐकलं. मी बी ऐकलं.

पर पोत्याचं कसं हाय, त्येला कुठंबी ठिवा, त्ये बसतं. पोत्याला सासरा नसतो, भाया नसतो.

आमच्यात भायासमोर बाईनं तोंड उघडं ठिवायचं न्हाय. त्येच्या अंगावरनं वारा आला तरी बाजूला सरायचं. एका जाजमावर बसणं तर लांबच. तवा निघायच्या दिवशी दिवस उगवताना लारी भरली ती अशी: गडी उजव्या अंगाला, बाया डाव्या अंगाला, मधी एक जुनं लुगडं बांधलं. कुणी सांगितलं न्हाय, कुणी इचारलं न्हाय. आपसूकच तसं बसलो. बायांचं सामान बायांजवळ. भांडी, पिठाचा डबा, अक्काचा माहेरचा पाटा-वरवंटा. पाट्याचा दगड एका माणसाला उचलत न्हवता. आत्याबाई त्येच्यावरच बसल्या. तिकडं गडी तिघं, काटक्यावानी, त्येंच्याजवळ एक कंदील आन् घोंगड्या.

गाव सुटलं. सडक सोडली. आन् खरं सांगते, त्या टायरांनी कमाल केली. जिथं बैलगाडी रुतली असती तिथनं लारी फडफडत निघाली. मालक म्होरनं वरडले, "कसं हाय, दादा?" भाया म्हणले, "हाण!" आमी बाया पदरात हसत होतो. चुलत सासू मला म्हणली, "पोटातल्याला सांग, घट धरून बस."

दोन रानं गेलो असू. मंग वास आला. चामडं जळल्यावानी.

मालकांनी लारी थांबवली, वाकून बघितलं. "घासायलंय," म्हणले. "वजन लई झालं. काय तरी उतरवा."

अक्काचा पाटा उतरवला. वरवंटा बी टाकला. अक्का मोठ्यानं रडायला लागली, "माझ्या आईनं दिला होता." मामंजी लुगड्याच्या पल्याडनं खेकसले, "दगडापायी गळा काढायलीस व्हय?" लारी निघाली. जरा जाती न जाती तवर पुन्हा त्योच वास, आन् आता धूर बी.

लारी पुन्हा थांबली. मी लघवीचं निमित्त करून उतरले. खाली उतरल्यावर मला चाकं दिसली. डाव्या टायरवर पांढरी रेघ, आन् रबराची सालटी निघालेली. वर फळीवर चुन्याचा पत्ता न्हाय, सारा खरवडून गेला होता. मंग मी लारीच्या मागनं फिरून उजव्या अंगाला गेले. तिथं माझी चार बोटं तशीच्या तशी पांढरीशिप्पट.

मालक बी तिथंच उभे होते. त्येंनी त्ये बघितलं. माझ्याकडं बघितलं. दोघांनाबी कळलं. दोन बाया उचलून त्या अंगाला बसवल्या असत्या तर काम झालं असतं. मालकांनी तोंड उघडलं, वर आपल्या थोरल्या भावाकडं बघितलं आन् तोंड मिटलं. मी पदर म्होरं वढला.

वर आत्याबाई उभ्या राहिल्या. "काय रं, आजून वजन लई व्हतंय का?"

मालक वाकून टायरची सालटी काढत बसले.

"मी जड हाय," त्या म्हणल्या. "माझंच उतरवा. मागनं आपल्या गावची गुरं घेऊन माणसं चालत यायलीत, त्येंच्यासंगं येते. मला काय, चालायची सवय हाय."

मामंजी म्हणले, "अगं, बस की गुमान."

"बसू कशी? तुमची सून दोन जिवाची हाय, तिला रानात बाळंत करता का?" आन् उतरल्या. उतरताना माझ्याच खांद्यावर हात ठिवला. चंची कमरंला खोचली. म्हणल्या, "डबीतला चुना तू संपवलास, आता पान कशाचं खाऊ?" आन् हसल्या.

डाव्या अंगाचं वजन हलकं झालं. लारी निघाली. वास बंद झाला. मी मागं बघत होते. त्या बांधावर उभ्या होत्या, मंग लहान लहान होत गेल्या. पाट्यासाठी अक्का रडली. आत्याबाईसाठी कुणी रडलं न्हाय. रडलं असतं तर कुणी तरी इचारलं असतं, आन् इचारलं असतं तर समद्यांनाच सांगावं लागलं असतं.

आमी दुपारपातूर पल्याड पोचलो. त्या लई मागनं आल्या, एका माणसाच्या पाठीवर. एका ओढ्याला पाणी होतं, उतरताना पाय सटकला, खुब्यात मोडला. डावाच. हाड बसवणारा आणला, पर त्ये नीट बसलं न्हाय. माझी लेक छावणीत झाली तवा त्या शेजारच्या पालात पडून सुईणीला सूचना देत होत्या.

धामधूम सरली, आमी गावाकडं आलो. आत्याबाई पुढं पुष्कळ वर्सं जगल्या. कमरंतनं वाकून, डावा पाय वढत चालायच्या. दारातनं चुलीपातूर जायला त्येंस्नी लई वेळ लागायचा. कुणी पावणं इचारलं, पायाला काय झालं, तर म्हणायच्या, "काय न्हाय, डावं चाक घासायलंय." समदे हसायचे. मालक उठून भाईर जायचे. मी चुलीत फुंकर घालायचे, तोंड लाल झालं तर धुरानं झालं म्हणायला बरं.

म्या त्येंचा पाय रगडला. एरंडेल कढत करून, रोज. त्येनं माझं काय फिटलं न्हाय, हे मला ठावं हाय. हात पायावर असायचा आन् डोळ्याम्होरं ती चार बोटं.

एकदा, दोघीच होतो, ज्वारी निवडत, मी म्हणलं, "आत्याबाई, त्या दिशी मी गड्यांच्या अंगाला जाऊन बसले असते तर तुमाला उतरावं लागलं नसतं."

त्या हातातला खडा बाजूला टाकत म्हणल्या, "तू बसली असतीस तर मीच तुझी वेणी धरून खाली वढली असती."

"म्हंजे तुमाला ठावं होतं?"

"मिस्तरी काय म्हणला त्ये मी बी ऐकलं होतं की. चुना माझाच होता."

बास, तेवढंच. पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. मला वाटलं होतं, त्येंस्नी ठावं नसंल, म्हून मला एवढं लागतंय. त्येंस्नी ठावं होतं हे कळल्यावर जास्त लागलं. त्या जाणून उतरल्या, आन् आमी जाणून उतरू दिलं. आमच्यात एकाला बी एवढं म्हणता आलं न्हाय की, बायांनो, सरका तिकडं.

मालक गेले तवर ह्याच्यावर आमी नवरा-बायको कधी बोललो न्हाय. बोलायचं काय? दोघांनी बघितलं होतं.

त्या लारीचं मागनं काय झालं मला ठावं न्हाय. टायर मातूर चांगले होते. त्या टायरांचा काय दोष न्हाय, मिस्तरीचा बी न्हाय.

आता पोरं जीप घेऊन येतात, मोठाली चाकं, बाया-गडी शेजारी शेजारी बसतात, कुणाला काय वाटत न्हाय. मला बरं वाटतं बघून. पर आजून बी लगीन-बिगीन असलं की टेंपोत बाया एका अंगाला दाटीवाटीनं बसतात, म्हातारीला मागं कडंला ठिवतात. म्हून जो कोण हे वाचंल त्येला एवढंच सांगणं हाय. गाडीत माणसं बसवताना दोन्ही अंगाला सारखी बसवा. कुणाला लाज वाटत असंल तर त्येला नावानिशी हाक मारून सांगा, इकडं सरक म्हून. आन् म्हातारं माणूस मी उतरतो म्हणलं तर त्येला उतरू देऊ नका.