धारेवरचा धूर

जवळ या बरं पोरींनो, लेकी-नाती सगळ्या. कागदातून का होईना, पण जवळ या. महिनामहिना तोंड दाखवत नाही तुम्ही. म्हातारी नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवून लिहायला शिकली, आता ती काय ते लिहून कळवेल, म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. बसा अशा. आज एका बाईबद्दल सांगायचं आहे.

हातात कापूस आला की ती आधी तो गालाला लावायची. डोळे मिटायची आणि म्हणायची, "दव हाये यात. उन्हात टाक." आम्ही हसायचो. मग तोच कापूस रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या हातयंत्रात, घातला की दांड्यांना गुंडाळून बसायचा, सरकी सुटायचीच नाही, आणि आमचं हसू बंद व्हायचं.

परतवाड्याच्या पलीकडे, जिथे डोंगर सुरू होतो, तिथे माझं सासर. मी तेव्हा सतरा वर्षांची. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या गावातल्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या, ज्वारी खाणाऱ्या घरांत गहू आला. गावाबाहेरच्या खळ्यात छपराखाली रेच्यांची रांग होती. एका रेच्यावर दोघी बसायच्या, एकीनं फिरवायचं, दुसरीनं कापूस घालायचा. मी फिरवणारी, ती घालणारी. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, मीही मावशीच म्हणायचे. मी घाईनं फिरवलं की म्हणायची, "हळू व माय, कापसाले धाप लागते."

मावशीचं माहेर वर डोंगरात. गवळ्यांची वाडी, दहा-बारा घरं. त्या वाडीच्या खाली एक धार होती, कड्यावरून पडणाऱ्या पाण्याची, रानात लपलेली. बाहेरच्या माणसाला तिचा आवाजसुद्धा येत नाही, असं ती सांगायची. रोज सांगायची. कुणाच्या घागरीतून पाणी सांडलं तरी तिला धार आठवायची. मग सखू तिला छेडायची. सखू म्हणजे आमच्या शेजारच्या रेच्यावरची, भल्ली तोंडाळ.

"मावशी, आटली का वं तुही धार?"

"तुह्यं तोंड आटंल पोट्टे, माही धार नाही आटत."

पण सहा वर्षं ती वर गेली नव्हती. आधी नवरा आजारी, मग नवरा गेला, मग हे रेचे. दर भाऊबीजेला भाऊ न्यायला यायचा आणि दरवेळी हिच्याकडे काही ना काही निघायचं.

त्या साली बडनेऱ्याला आगगाडी आली. दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. गावातले सगळे बाप्ये कापसाच्या गाड्या जुंपून गेले. कापूस पोचवायचा म्हणून गेले म्हणे, पण निम्म्या गाड्या रिकाम्याच होत्या. खळं ओस पडलं. सखू म्हणाली, "थे लोखंडाचा बैल पाहाले गेले, अन् आपण इथं सरकी पाहत बसायचं?" असं आमचं धारेला जायचं ठरलं. मी, सखू, तिची नणंद गोदी आणि मावशी.

सासूबाई मला सोडायला तयार नव्हत्या. मावशी ओट्यावर येऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, "सून तुह्या पदरात टाकून राहिली. काही वाकडं झालं तर हिला माहेरी धाडीन अन् परत आणायची नाही." त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. मावशी म्हणाली, "जशीच्या तशी आणून देतो."

आणि आम्हाला तिनं एकच अट घातली. "भाकरी बांधून घ्या. वर चूल नाही पेटवायची. धूर नाही करायचा."

"काहून वं?"

"माह्या वाडीची रीत हाये."

आता तुम्हीच सांगा, वऱ्हाडातल्या चार बाया झाडाखाली बसल्या आणि गोवऱ्या पेटल्या नाहीत, रोडगे भाजले नाहीत, तर ते जेवण म्हणायचं का? गव्हाचं पीठ घरात होतं, नवं नवं होतं. मी भाकरींच्या खाली फडक्यात पीठ बांधलं आणि त्याच्याखाली सात गोवऱ्या. वाटेत मावशीनं माझं गाठोडं हातात घेऊन पाहिलं. "भल्ली जड हाये वं तुही शिदोरी."

"भूकच मोठी हाये," मी म्हणाले. सखू तोंडात पदर कोंबून हसली. तिला मी सांगितलं होतं.

तांबडं फुटायच्या आत निघालो. पहिल्यांदा पळस, मग साग, मग बांबूचं रान. मावशी पुढे. खाली वाकून चालणारी बाई, पण डोंगर लागला तशी ताठ झाली. कुठे दगड हलतो, कुठे अस्वल उकरून गेलं, सगळं पायानंच ओळखायची. एका ठिकाणी दोन कातळांच्या मधून एकेकीनं आडवं होऊन जायचं होतं. तिथे तिनं दगडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "आलो वं माय."

पलीकडे पाऊल टाकलं आणि धार दिसली. कड्याच्या डोक्यावरून पाण्याचा पांढरा पट्टा सुटलेला, खाली डोह, डोहाभोवती नेचे आणि गारवा. गोदी तर रडायलाच लागली, का ते तिला सांगता येईना.

मावशीनं वर बोट केलं. कड्याच्या पोटाला सुपाएवढे काळे दगड लटकलेले. सहा. मी म्हणणार होते, हे पडत कसे नाहीत, तेवढ्यात त्यातला एक थरथरला, वाऱ्यानं गवत हलावं तसा.

"आग्या मोहोळ हाये," ती म्हणाली. "माह्या आज्यापासून वाडीनं राखलेलं. होळी झाली की मध काढतात, अन् पहिल्या पोळ्याचा मध वाडीच्या लेकींच्या तळहातावर ठेवतात. म्हणून धूर नाही."

म्हणजे मला ठाऊक होतं. हे नीट वाचा पोरींनो. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की आपल्याला काय ठाऊक. मला सांगितलं होतं, बोट करून दाखवलं होतं.

तेवढ्यात वरच्या पायवाटेनं तिचा भाऊ उतरून आला. खांद्यावर घोंगडी, उंच, कमी बोलणारा. बहिणीला पाहून तो तिचा हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "यंदा पहिलं पोळं तुह्या हातानं. म्या वाडीले सांगून ठेवलं. आता म्हशी पाजून ताक आणतो, मंग घरी चाल. तुही वहिनी वाट पाहून राहिली."

तो गेला. मावशी डोहात उतरली आणि पाण्याच्या पडद्यामागे जाऊन बसली, एकटीच. सहा वर्षांचं काय काय बोलत असेल ती धारेशी.

मी एका मोठ्या दगडाआड गोवऱ्या रचल्या. सखू म्हणाली, "आता राहू दे वं, मोहोळ हाये." मी म्हणाले, "एवढा उंच कडा! सात गोवऱ्यांचा धूर तिथवर जाते का, बह्याड?" चकमक माझी, कापूस माझा. पेटवणारी मीच.

धारेजवळ वारा सरळ वाहत नाही, हे मला कुठून ठाऊक असणार? पडणारं पाणी वारा खाली ओढतं आणि तो कड्याला घासून वर चढतो. माझा धूर दोरीसारखा सरळ कड्यावर गेला. रोडगे अजून गोवऱ्यांत घातलेही नव्हते. आधी एक गुणगुण आली, मग कड्यावरचा तो काळा दगड सुटला आणि आभाळभर झाला.

सखू-गोदी पाण्याजवळच होत्या, त्यांनी उड्या मारल्या. मी जागची हलेना. मावशी पडद्यातून बाहेर आली, पळत. तिनं मला डोहात ढकललं, स्वतःचं ओलं लुगडं सोडून माझ्या डोक्यावर टाकलं आणि वरून मला मिठी मारली. "तोंड बुडव. हळू व माय, हळू. श्वास घे, बुडव." तिचं स्वतःचं तोंड उघडंच होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. गुणगुण विरली तेव्हा तिचा चेहरा माणसाचा राहिला नव्हता. वरून भावाची हाक आली, तो धावत उतरत होता. आणि त्या वेळी, पोरींनो, मी तिचे पाय धरले नाहीत. मी म्हणाले, "मावशी, माह्यं नाव नोको सांगू. सासूबाई मले माहेरी धाडतील."

तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. उजव्यानं तिनं माझ्याकडे पाहिलं.

भाऊ आला. त्यानं ताकाचं मडकं खाली ठेवलं. विझत आलेल्या गोवऱ्या पाहिल्या, रिकामा कडा पाहिला. घोंगडी तिच्या अंगावर टाकली. मग विचारलं, "धूर कोणं केला?"

"म्या," ती म्हणाली.

"तू?"

"पोरी भुकेल्या होत्या."

त्यानं पायानं गोवऱ्या विझवल्या. मग म्हणाला, "खालची झाली तू."

एवढंच. मग तो तिच्यासमोर बसला आणि अंगठ्याच्या नखानं तिच्या चेहऱ्यातले काटे एकेक करून काढले. किती हळू काढले!  आम्ही तिघी ओल्या कपड्यांत थरथरत उभ्या. सखूनं माझ्याकडे पाहिलं, मी पायाखाली पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते तेव्हा सोपं होतं, त्यानंतर कधीच एवढं सोपं नव्हतं.

वाडी वर, हाकेच्या अंतरावर. तिथे वहिनी वाट पाहत होती. पण भावानं आम्हाला खालच्या वाटेला लावलं. पायथ्यापर्यंत तिला आधार देत आला आणि तिथून वळला. "ये" म्हणाला नाही. मावशी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मला माहेरी धाडतील या भीतीनं मी तिचं माहेर तोडलं.

सासूबाईंना तिनं मला जशीच्या तशी आणून दिली. "मी घसरून काट्यात पडली," असं स्वतःबद्दल सांगितलं. बाप्ये बडनेऱ्याहून परतले, आगगाडीच्या धुराच्या गोष्टी सांगत. आमच्या धुराची कुणी चौकशी केली नाही. पुढल्या बाजाराला कळलं, मोहोळ उठून गेलं, सहाच्या सहा पोळी ओस पडली.

मावशीच्या डाव्या डोळ्यापुढे कायमचं धुकं राहिलं. डावा गाल बधिर झाला. ती कापूस उजव्या गालाला लावू लागली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रेच्यावर आम्ही समोरासमोर बसायचो आणि मी तिच्या हातांकडे पाहून दांडा फिरवायचे, तोंडाकडे नाही.

होळी आली आणि गेली. भाऊबीजेला तिनं सकाळीच केस विंचरले, गाठोडं बांधलं आणि दारात बसली. त्याच दिवशी माझा भाऊ गाडी घेऊन मला न्यायला आला होता. गाडी तिच्या दारावरून गेली. मी विचारलं, "कोणी आलं नाही का, मावशी?"

"म्हैस व्याली असंल त्याची," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी म्हणाली, नाल्याला पाणी असेल. त्याच्या पुढच्या वर्षी नुसती हसली, पण गाठोडं बांधलेलं होतं.

दरवर्षी मी ठरवायचे, वर जायचं, त्या माणसाला सांगायचं. एकदा त्या दोन कातळांपर्यंत गेलेही. लेक कडेवर होती. तिला ताप आल्यासारखा वाटला म्हणून परतले. ताप नव्हता.

मग वाफेवर चालणारी यंत्रं आली, रेचे थांबले. मावशी अकोल्याला लेकीकडे गेली. काही वर्षांनी घरचे मालक कापसाच्या कामानं अकोल्याला निघाले, तेव्हा मीही गेले. ती अंगणात बसून वाती वळत होती. आवाजावरून मला ओळखलं. "आली का वं, सात गोवऱ्यांची?" म्हणाली आणि खो खो हसली. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी..."

"हळू व माय," ती म्हणाली. "वात तुटते." आणि खाली पाहत, "वाडीचं कोणी येते का वं बाजारात? दादाची काही खबर?"

तिच्या भावाचा मुलगा तेव्हा दर आठवड्याला परतवाड्याच्या बाजारात तूप घेऊन बसायचा. चेहरा अगदी बापाचा. मी त्याला लांबून पाहायचे आणि दुसऱ्या ओळीतून निघून जायचे. जाऊन बोलले असते, तर तिची खबर वर गेली असती आणि वरची खाली. पण त्यानं विचारलं असतं, त्या दिवशी काय झालं?

"नाही वं," मी म्हणाले. "दिसत नाही कोणी."

तिनं वात वळून पूर्ण केली आणि तबकात ठेवली. ती गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

आता मी अमरावतीला लेकाकडे. आणि ऐका, मावशीचा तो तूपवाला भाचा आता इथे येतो. स्वतःच म्हातारा व्हायला लागला आहे. दर बुधवारी ओट्यावर बसतो, तूप मोजून देतो, पाणी पितो. बाप थकला आहे, पण आहे, ऐकू येतं अजून, असं मागच्या बुधवारी म्हणाला. मी आत गेले आणि उगाच भांडी आवरत बसले. तो हाक मारून निघून गेला.

त्याला खरं सांगणं एकटीनं माझ्यानं होत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलं आहे. तुमच्यापैकी कुणीतरी एकजण शेजारी बसली आणि मला उठू दिलं नाही, तर होईल. काही बोलू नका, फक्त माझा हात धरून ठेवा. पोरींनो, या. लेकरांना घेऊन या, जेवायला करते. पण मंगळवारीच मुक्कामाला या, आणि फार दिवस लावू नका.