पोटरीतली गुठळी

त्याला सगळे भिंगरी म्हणत. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते असं म्हणतात. हा तर नखशिखांत भिंगरीच होता. काम विजेचे मीटर वाचण्याचं. जिन्याखालच्या कोपऱ्यात टॉर्च मारायचा, आकडा टिपायचा की पुढचं दार. त्याच्या भागातली कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकायची सोडून त्याला पुढच्या घरापर्यंत पोचवायला जात. घरी आला तरी बूड टेकेल तर शपथ. जेवता जेवता पाण्याला उठे, उठलाच आहे तर दाराची कडी बघून येई, दारापर्यंत गेलाच आहे तर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून येई. बायको म्हणे, तुमचं लग्न माझ्याशी नाही, जिन्याशी लागलंय.

बायको घरीच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देई. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांवर हिरव्या-निळ्या शिरा वेलीसारख्या चढल्या होत्या. पायाचं काही दुखणं निघालंच तर ते हिचं निघणार, हे दोघांनी मनाशी धरून ठेवलेलं होतं. तो तिला बजावायचा, मध्ये मध्ये बसत जा गं जरा.

मग एका इमारतीत उंचावरचा मीटर बघायला तो स्टुलावर चढला, स्टूल कलंडलं आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. पाय उशीवर ठेवा, टेकू नका, बोटं हलवत राहा, पाणी भरपूर प्या, असं दवाखान्यात सांगितलं होतं. पहिले काही दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. मग हळूहळू गप्प झाला. बाथरूमपर्यंत जायचं तर एका खांद्याखाली बायको, दुसऱ्या खांद्याखाली मुलगी. मुलीच्या खांद्यावर भार टाकून तिथे जायचं त्याच्या जिवावर येई. म्हणून त्याने पाणी पिणंच तोडलं. बायकोने भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असे. ती रागावली की तो म्हणे, तहान नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही.

प्लास्टर निघालं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाय वाळक्या लाकडासारखा झाला होता. पण थोड्याच दिवसांत तीच पोटरी फुगायला लागली. कातडी ताणून चकचकीत झाली, हात लावला तर ऊन लागे. इतके दिवस बांधून ठेवलेला पाय, कुरकुरणारच, असं जो तो म्हणाला. औषधाच्या दुकानदाराने दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. बायको रोज संध्याकाळी तेल कोमट करून पोटरी चोळून देऊ लागली. इस्त्री धरून घट्ट झालेले तिचे हात. ती खालून वर जोर लावून चोळी आणि तो डोळे मिटून घेई.

एके सकाळी तो स्वतःहून उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून थांबला. छातीत कळ आली होती आणि श्वास आत जाईना. ओठ काळसर पडले. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्याला जिन्यावरून खाली आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तो जिना न चढता-उतरता जिन्यावरून गेला.

इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी माय-लेकींना बाजूला घेतलं. बाई घाईत होत्या, तरी नीट बोलल्या. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायचं तर त्याला खालून कुणीतरी रेटावं लागतं. ते काम पोटरीचा स्नायू करतो. माणूस चालला की तो आवळतो आणि रक्त वर सरकतं. पाय पडून राहिला की रक्त रेंगाळतं. खोलवरच्या शिरांमध्ये झडपा असतात, त्यांच्या खोबणीत ते साचतं आणि गोठतं. त्यात हाड मोडलेलं, म्हणजे शरीर आधीच रक्त गोठवायच्या तयारीत. पाणीही पोटात नाही. तिथे गुठळी धरली, तिचा तुकडा सुटला, तो हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसात अडकला.

बायको म्हणाली, आम्ही तर इतकी वर्षं माझ्याच शिरांकडे बघत होतो. बाई म्हणाल्या, त्या वरच्या शिरा. ही खोल आतली गोष्ट, बाहेरून दिसत नाही.

मग तिने विचारलं, "मी रोज चोळत होते. त्यानेच सुटली का ती?"

बाई म्हणाल्या, "चोळायला नको होतं. पण त्यानेच सुटली असं मी म्हणणार नाही. न चोळताही सुटतात."

तिच्या कानात पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

तो काचेपलीकडे होता, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात सुई. आत जाऊ देत नव्हते. तिला करण्यासारखं काही नव्हतं. बाकावर कुणाचा तरी टॉवेल पडला होता; तिने त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. टॉवेल ज्याचा होता तो येऊन घेऊन गेला, तेव्हा ती रिकामे हात मांडीवर ठेवून बसली.

तो वाचला. पण दम गेला तो गेलाच. फुप्फुसाचा काही भाग आता पहिल्यासारखा होणार नाही, असं सांगितलं गेलं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. इकडे आड, तिकडे विहीर. दाढी करताना कापलं तर बायको थेंब थांबेपर्यंत समोरून हलत नसे. कचेरीने त्याला बिलं भरायच्या खिडकीवर बसायचं काम दिलं. थोड्या थोड्या वेळाने तो उठून खुर्चीभोवती फेरी मारी. सोबतचे म्हणत, भिंगरीची दोरी आखूड झाली. तोही हसे.

एकदा तिने मनातलं त्याला सांगून टाकलं. म्हणाली, "अहो, मीच केलं हे."

तो मग म्हणाला, "तू चोळत होतीस तेवढा वेळच काय ते बरं वाटायचं बघ."

तिला त्याने बरं वाटलं नाही आणि तसं ती बोललीही नाही.

पुढे एकदा त्याची दुसरी पोटरी दुखायला लागली. दोघं इस्पितळाच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसले. ती पायाला हात लावेना. काय करावं हेच कळेना, नुसती बघत राहिली. यंत्र फिरवून सांगण्यात आलं, गुठळी नाही, स्नायू आखडलाय. पण पुन्हा दुखलं तर लगेच या. कशावरून ओळखायचं, असं तिने विचारलं. तपासल्याशिवाय कळत नाही, असं उत्तर मिळालं.

परतताना तो म्हणाला, रिक्षा नको, चालत जाऊ. खांब आला की थांबायचा, श्वास जुळवायचा, पुन्हा निघायचा. ती दोन पावलं मागे राहून त्याच्या पायांकडे बघत चालली होती. पँटच्या आत ते नेहमीसारखेच हलत होते. बघून काहीच कळणार नव्हतं, तरी घर येईपर्यंत तिने नजर काढली नाही.