पालवी फुटलेलं कुंपण

तुमचा चहा होईपर्यंत सांगून टाकतो. आमच्याकडे पाहुणा आला की हा किस्सा विमल सांगायची. विमल म्हणजे माझी बायको. मी बाजूला बसून सुपारी कातरायचो आणि नेमक्या जागी मान खाली घालायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत हा किस्सा कुणी सांगितला नाही. पाहुणे येतात, पाऊसपाण्याचं बोलतात, जातात. म्हटलं, फजिती आपली, तर सांगायलाही आपणच शिकावं!

तेव्हा मी अमरावतीच्या कचेरीतली कारकुनी सोडून झाडतोडीचे आणि तारेच्या कुंपणाचे ठेके घेत होतो. मॅट्रिक झालेला जावई कुऱ्हाडवाल्यांबरोबर हिंडतो म्हणून सासरे सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते. धंदा म्हणाल तर सरळ. एकाच्या रानातली नको असलेली झाडं काढायची आणि त्याच लाकडाचे खांब दुसऱ्याच्या शेताला रोवायचे. दोघंही खूश. निदान मला तसं वाटायचं.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. वरूडजवळच्या एका खेड्यातून सोनाबाईंचा निरोप आला. नवरा गेलेला, पाच एकर रान पदरात. त्यात त्यांनी संत्र्याची दोनशे कलमं लावली होती. त्यांचा दीर नारायणराव रोज धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून म्हणायचा, "बाईमाणसाले बगीचा जमत नसते, वहिनी. बटईनं देऊन टाका मले."

शेवटी चार लोकांदेखत बोली झाली. दोन पावसाळे निम्म्याहून जास्त कलमं जगली, तर नारायणरावानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. निम्मी बकऱ्यांनी खाल्ली किंवा वाळून गेली, तर जमीन बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, त्याच्याकडे. एक पावसाळा कसाबसा निघाला होता. आणि त्या गावात माणसांपेक्षा बकऱ्या जास्त!

"ठेकेदार," सोनाबाई म्हणाल्या, "मिरगाच्या आदी कुंपण पायजे. माहा सारा बगीचा तुमच्या तारेवर हाय, बाप्पा."

"बाई, निर्धास्त राहा," मी म्हणालो. "माझ्या कुंपणातून वारासुद्धा विचारून जाईल."

काय माणूस होतो हो मी!

त्याच वेळी मी धारणीकडच्या एका शेतातली मोईची झाडं काढत होतो. सरळ सोट फांद्या, मनगटाहून जाड. खांबांना याहून चांगलं काय हवं? माझा मुख्य गडी मोतीराम. सारा जन्म जंगलात गेलेला माणूस. त्यानं एक फांदी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "सायेब, हे मोई हाय. साल सोला आन दोन महिने उन्हात पडू द्या. मंग गाडा."

"मिरग पंधरा दिवसांवर आहे, मोतीराम."

"मंग सालतरी सोला."

आता इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी म्हणालो, "अरे, साल म्हणजे झाडाचा कोट. भर पावसात उभं राहायचं आणि कोट काढून ठेवायचा? उदई लागेल ना, वाळवी!"

मोतीराम डोकं खाजवत म्हणाला, "कोट त जित्त्या माणसाले लागते, सायेब."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. मी नेमकं काय म्हणत होतो, ते मला आजही कळलेलं नाही.

खांब सालीसकट रोवले. सब्बलीनं खड्डे, चार पदरी काटेरी तार, कडक ताण. काम इतकं सरळ झालं की नारायणरावसुद्धा एका टोकाला उभा राहून एक डोळा मिटून पाहून गेला. सोनाबाईंनी मला पाटावर बसवून वरण-रोडगे वाढले. एक खांब उरला होता, तो मी अमरावतीला घरी आणला. विमलनं तो अंगणात रोवून घेतला, कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी.

मृग बरसला. आणि तीन आठवड्यांनी सोनाबाईंचं कार्ड आलं. त्या सांगत आणि गावातले गुरुजी लिहीत. गुरुजी प्रामाणिक होते, त्यांनी बाईंचा शब्दन्‌शब्द तसाच उतरवला होता: "ठेकेदार, कुंपणाले कोंब आले. येऊन पाहून जा."

मी हसलो. अंगणात बाजेवर बसलो आणि उत्तर लिहिलं: 'लाकडात थोडी ओल शिल्लक असते, त्यामुळे असे दिसते. काळजी नसावी.'

पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड. "तुमच्या ओलीले आता पानं आले."

पुन्हा बाज, पुन्हा कार्ड. 'पावसाळ्यात जंगली वेल खांबावर चढतात. उपटून टाकावेत.'

महिना झाला नाही तोच तिसरं. "वेल पाह्यला, वेल नाही. तुमच्या ओलीवर पाखरं बसून राहिले. घरटं व्हायच्या आदी या."

यालाही मी उत्तर लिहिलं, की लाकूड मेलेलं आहे आणि मेलेलं लाकूड वाढत नाही, हे शास्त्र आहे. पण का कोण जाणे, चौथ्या दिवशी एसटीत बसलो.

वरूडला उतरून खेड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत एक हिरवंगार कुंपण लागलं. मनात म्हटलं, वा, काय नीट वाढवलंय कुणीतरी! पुढे बांधावर एक म्हातारा बकऱ्या चारत होता.

"बाबाजी, सोनाबाईंचं शेत कुठं आहे हो?"

"मांगं सोडून आले ना तुमी! थे हिरवं कुंपण नाई दिसलं?"

माझंच काम मला ओळखू आलं नाही, बोला!

सोनाबाई फाटकात उभ्या होत्या. एकेका खांबाच्या डोक्यावर पानांचा झुबका.

"पाहा तुमचं शास्त्र," त्या म्हणाल्या. "पाणी पेऊन राहिलं."

"बाई, घाबरायचं काय त्यात? पानं खुडून टाकू. पानंच नाहीत तर झाड जगेल कशावर?"

"खुडून?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "हरभऱ्याचा शेंडा काहून खुडतेत, मालूम हाय का तुमाले?"

"काहून?" मी विचारलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. पण ठेकेदार मी होतो. दोन दिवस मोतीरामला आणि दोन बायांना लावून सगळी पानं खुडली आणि कुंपणाच्या बाहेर नीट ढीग घातले. मोतीराम एकच वाक्य बोलला, "सायेब, मी फक्त तुमी म्हणता म्हणून करून राहिलो."

तुम्ही शेतीतले असाल तर पुढचं ओळखलंच असेल. ढिगांवर बकऱ्या आल्या. गावच्या बकऱ्यांना मोईचा पाला इतका गोड असतो, हे तोवर ठाऊक नव्हतं; ते मी त्यांना ढीग घालून शिकवलं! ढीग संपले तोवर खांबांना, शेंडा खुडलेल्या हरभऱ्यासारखे, एकाच्या जागी चार-चार फुटवे आले होते. मग बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहायच्या, पुढचे पाय तारेवर टेकवायच्या आणि जेवायच्या. तार सैल झाली. एका दुपारी सहा-सात बकऱ्या आत शिरल्या आणि अकरा कलमं बुडख्यापर्यंत साफ.

निरोप मिळताच मी धावलो. धुऱ्यावर नारायणराव पान चघळत उभा. "या ठेकेदार! सागाचं कुंपण पाह्यलं, बोरीबाभळीचं पाह्यलं. जेवण वाढणारं कुंपण पह्यल्यांदा पाह्यलं!"

सोनाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाल्लेल्या कलमाजवळ बसून माती सारखी करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कुंपण नाई बांधलं तुमी. बकऱ्याईची खानावळ उघडली."

मी म्हणालो, "बाई, सगळे खांब उपटतो. माझ्या पदरचे सागाचे लावतो."

"भर पावसात खांब उपटान, अन्‌ तवरक बगीचा उघडा? आता तुमी काईच करू नका. काई म्हंजे काईच नाई. तार तेवढी कसून द्या, अन्‌ इथं बसून राखण करा."

म्हणून हा मॅट्रिक झालेला ठेकेदार दहा दिवस हातात काठी घेऊन बकऱ्या हाकत बसला. माणसं बाजाराला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून मला बघून जायची.

तेवढ्यात बाईंनी आपलं डोकं चालवलं. गावच्या बकऱ्या चारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला बोलावलं. ठरलं असं, की रोज सकाळी म्हाताऱ्यानं स्वतः येऊन विळ्यानं कुंपणाचा पाला छाटायचा आणि घरी नेऊन बकऱ्यांना घालायचा. बदल्यात बकऱ्या या बाजूला आणायच्या नाहीत, आणि लेंडीखत कलमांना द्यायचं. घरबसल्या पाला मिळाल्यावर म्हातारा कशाला उन्हात हिंडतो? खांब मुळं धरून असे घट्ट झाले, की बैल धडकला तरी हलेनात. पुढल्या मिरगाला एकशे एकोणनव्वद कलमं पुरुषभर उंच. नारायणरावानं बोली पाळली. धुऱ्यावर येणं बंद केलं, आणि मला फाटकाबाहेर गाठून हळूच विचारलं, "थे हिरवं कुंपण माह्या वावराले जमन काय?"

विमल किस्सा इथंच संपवायची. पाहुणे हसायचे, मी मान खाली घालायचो, ती कपबश्या उचलायची. तिच्या किस्स्यात चूक माझ्या घाईची असायची, मिरगाची असायची, अगदीच झालं तर मोईची. परक्यांसमोर नवऱ्याचं कुठवर सांगायचं, याचं तिला माप होतं. उरलेलं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आता मला सांगायला हरकत नाही.

दहा दिवस राखण करून मी घरी आलो. तणतणत म्हणालो, "मला काय स्वप्न पडणार होतं खांब जिवंत आहे म्हणून? नुसतं बघून कुणाला तरी कळेल का?"

विमल माझा पंचा घेऊन अंगणात गेली. दोरी बांधलेल्या खांबाच्या फांद्या तिनं एका हातानं बाजूला केल्या, कारण दोरी आत कुठेतरी पानांत गेली होती. पंचा वाळत घातला आणि आत निघून गेली.

त्या खांबाशेजारीच आमची बाज असायची. सोनाबाईंना तिन्ही कार्डं मी तिथंच बसून लिहिली होती. दोन महिन्यांत बाज तीनदा सरकवली होती. अंगणात तेवढ्याच एका जागी सावली बरी पडायची.