मुकादमाचा आवाज

योने बोलायला लागली तीच मुळी दुसऱ्यांच्या आवाजात, असं तिची आई सांगायची. डोंगरापलीकडच्या त्या गावात तितर ओरडला की माणसं आधी योने कुठंय ते बघत, मग तितर शोधत. देवळातल्या पुजाऱ्याची तिनं अशी हुबेहूब शिंक काढली होती, की पुजारीणबाई आतून काढा घेऊन आल्या.

अशी पोरगी तळ्याकाठच्या रेशीम गिरणीत आली, आणि तिथं नियम काय, तर कढईवर बोलायचं नाही! उकळत्या पाण्यात कोष नाचतायत, त्यातून धाग्याचं टोक शोधायचं, वरच्या चाकाला लावायचं आणि तोंड बंद. गाणं मात्र चालायचं. गाण्यानं झोप येत नाही ना! मग पोरी सगळं गाण्यातच बोलायच्या. मीठ कमी पडलं तरी गाणं, पोटात दुखलं तरी गाणं. चाकांच्या खडखडाटात मुकादमाला नुसती चाल कळायची, शब्द नाही. तो मान डोलवायचा.

मुकादमाचं नाव निवा. बुटका, छाती पुढे, आणि स्वतः विचारून स्वतःच उत्तर देणारा. "हात चालवा! समजलं की नाही? समजलं!" पोरींना उत्तर द्यायची वेळच यायची नाही.

त्या दिवशी शेजारच्या कढईवरची कुरा डुलायला लागली. योनेनं चाल धरली,

"कुरा गं कुरा, तुझी मान का कलली?
सकाळची पेज गं कुठं वाटेत सांडली?"

कुरानं कसाबसा सूर लावला,

"वाफ गेली छातीत, पेज राहिली वाटीत,
भर दुपारी काळोख गं माझ्या कढईच्या काठात."

कढईवर जी चक्कर येऊन पडायची, तिची रवानगी मागच्या, आजारी पोरींच्या कोठीत. तिथून परत कढईवर कुणी आलेलं नव्हतं. कोठीतून थेट घरी, आणि घरी कशा अवस्थेत ते विचारू नये. कुराला हवा होता फक्त वारा. डोक्यावर झरोका होता, पण बंद.

योनेनं नियम मोडला. "मुकादम, झरोका उघडा ना. कुरा पडेल हो."

"वाऱ्यानं धागा सुकतो! वाऱ्याला पगार देऊ का मी? समजलं की नाही? समजलं!" आणि मुकादम वाफेत दिसेनासा झाला.

कुरानं कढईचा काठ धरला. तापलेला काठ, तरी धरला.

वर शिडीवर म्हातारा गोन्जी चाकाच्या दांड्याला तेल घालत होता. वाफेत त्याला खालचं काही दिसायचं नाही; हुकूम कानानंच ओळखायचा. योनेनं छाती पुढे काढली, हनुवटी आत घेतली.

"गोन्जी! झरोका उघड! झोपलास काय? समजलं की नाही? समजलं!"

"उघडतो, मुकादम, उघडतो," वरून आवाज आला. "ओरडताय कशाला?"

करकर करत झरोका उघडला. तळ्यावरचा गार वारा सरळ खाली आला. कुरानं तोंड वर केलं, गाळातल्या माशासारखं. कढईमागून कढई दिसायला लागली, पोरींचे चेहरे दिसायला लागले, आणि त्यांच्यामधोमध उभा असलेला मुकादमही दिसायला लागला. लालबुंद.

तो सरळ योनेपुढे येऊन उभा राहिला. "कोण बोललं माझ्या आवाजात?"

योनेनं कोषाचं टोक शोधलं आणि चाकाला लावलं. कढईवर बोलायचं नाही ना!

"सांगतेस, की पाठवू घरी?"

तेवढ्यात दारातून मालक आले. वर बघून थबकले. "झरोका कुणी उघडला?"

"मुकादमांनी सांगितलं," वरून गोन्जी म्हणाला. "शिव्या घालून सांगितलं."

चाकं खडखडत होती, पण पोरींचं गाणं थांबलं होतं. मुकादमाची पंचाईत झाली. नाही म्हणावं, तर एक पोरगी त्याच्या नाकाखाली गिरणी चालवते असं ठरणार. हो म्हणावं, तर...

मालकांनी फिरत्या चाकावरचा धागा चिमटीत धरला. "बरा आहे की. एकसारखा येतोय. पोरीही जाग्या दिसतायत."

"मीच सांगितलं, मालक," मुकादमाची छाती आपोआप पुढे आली. "वारा लागला की हात चालतो. रोज दुपारी उघडणार आहे. समजलं की नाही?"

आणि सवयीनं स्वतःच उत्तर द्यायला तो श्वास घेतोय, तोवर पोरींच्या रांगेतून त्याच्याच आवाजात आलं,

"समजलं!"

मालकांना वाटलं, तोच बोलला. मुकादमाला ठाऊक होतं कोण बोललं. तो योनेकडे बघत राहिला. मग मान वळवून निघाला. जाता जाता म्हणाला, "गा गं. गप्प काय बसलात?"

पहिला सूर कुरानं लावला. चिरका होता, पण तिचा होता.

झरोका त्यानंतर रोज दुपारी उघडायचा. नव्या वर्षाच्या सुटीत गावाकडे निघालेल्या पोरी बर्फातून खिंड चढल्या, तेव्हा कुरा सगळ्यांच्या मागे होती, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी. माथ्यावर ती मटकन बसली.

"ऊठ! बर्फाला पगार देऊ का मी?" योने छाती काढून गरजली.

कुरा हसली, आणि उठली.