पडद्याखाली गेलेलं बटण

शालूबाई जानेफळच्या सार्वजनिक वाचनालयात झाडलोटीला लागल्या तेव्हा दहावी नापास होत्या. पुस्तकं पुसता पुसता वाचू लागल्या, बाहेरून बारावीपर्यंत गेल्या, आणि जुने ग्रंथपाल सोडून गेल्यावर त्यांचं सगळं काम बाईंच्या अंगावर आलं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्या रजिस्टर न उघडता सांगत.

२००८ साली एका संस्थेनं वापरलेले कॉम्प्युटर वाटले, त्यातला एक वाचनालयाला मिळाला. त्यात लिनक्स नावाची, नेहमीपेक्षा वेगळी प्रणाली होती. बाई मेहकरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकल्या होत्या ते निराळं, पण महिन्याभरात त्यांचा हात बसला. साडेतीन हजार पुस्तकांची यादी त्यात भरायची होती, तीही ग्रंथालय खात्याचे निरीक्षक तपासणीला यायच्या आत.

यादी अर्ध्यावर आली आणि एका दुपारी व्होल्टेज वाढून मॉनिटर जळाला. शाळेनं अडगळीतला एक जुना मॉनिटर दिला. तो जोडला, तर अक्षरं अंगठ्याएवढी. फॉर्म निम्माच दिसे आणि ‘सेव्ह’चं बटण पडद्याच्या खाली कुठंतरी जाई. पडद्याचं माप बदलायला गेल्या तर तिथं एकच माप, ६४० बाय ४८०. दुसरा काही निवडायची सोयच नव्हती.

वाचनालयाचे अध्यक्ष गुलाबराव यांनी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं न बघताच सांगितलं की हा मॉनिटर टाकून द्या आणि ते लिनक्सही काढा. गुलाबराव वैतागले. कॉम्प्युटर झाकून ठेवा, यादी हातानंच लिहा, निरीक्षकांपुढं शोभा नको, असं म्हणून ते निघून गेले.

बाईंनी तो झाकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की कीबोर्डवरचं अल्ट दाबून माउसनं ओढलं की फॉर्मची खिडकी वर सरकते आणि बटण हाती लागतं. पण दर पुस्तकाला ही ओढाताण करायची, तर निरीक्षक येऊन परत गेले असते.

मग त्या मेहकरच्या नेट कॅफेत गेल्या आणि या दुखण्यावरची तीन पानं शोधून, छापून आणली. इंग्रजी अवघड होतं. संदर्भाच्या कपाटातला शब्दकोश शेजारी ठेवून दोन दिवस त्या एकेक ओळ लावत बसल्या. अर्थ असा निघाला: तुला किती झेपतं, असं कॉम्प्युटर मॉनिटरला विचारतो. हा जुना मॉनिटर उत्तरच देत नाही, म्हणून कॉम्प्युटर भीतभीत सगळ्यात लहान माप धरतो. मॉनिटरचे दोन आकडे एका फाइलीत लिहिले की झालं. मात्र चुकीचे आकडे लिहिले तर मॉनिटर खराब होऊ शकतो, अशीही एक ओळ होती.

हे आकडे असलेली मॉनिटरच्या मागची चिठ्ठी केव्हाच झिजून गेली होती. बाई स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शकूरचाचांकडे गेल्या. चाचांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. त्यांनी बाईंचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे तं टीव्हीसारखंच हाय,” ते म्हणाले. “एका सेकंदात रेघा किती मारतं अन् चित्र किती खेपा काढतं, तेवढंच इचारून राह्यला तो.”

चाचा वाचनालयात आले आणि त्यांनी मॉनिटरचं मागचं झाकण जपून उघडलं. आतल्या पत्र्यावर दुसरी चिठ्ठी होती, नव्यासारखी करकरीत. रेघा ३० ते ५४ हजार, आणि खेपा ५० ते १२०.

बाईंनी आधी जुन्या फाइलीची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवली. मग आकडे लिहिले, खाली १०२४ बाय ७६८ असं माप लिहिलं, आणि पुन्हा चालू केलं.

पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटल्या आणि तिथंच थांबल्या. नेमके तेव्हाच गुलाबराव दारातून आत आले.

“गेला ना शेवटी?” ते म्हणाले.

“गेला नाही, भाऊ. काय चुकलं ते सांगून राह्यला,” बाई म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. बेचाळिसावी ओळ, असं त्यात म्हटलं होतं. त्या काळ्या पडद्यावरच त्यांनी फाइल उघडली आणि ओळी मोजत खाली आल्या. मापाच्या शेवटी अवतरणचिन्ह द्यायचं राहिलं होतं. ते दिलं आणि पुन्हा चालू केलं.

मॉनिटरमध्ये टक्क आवाज झाला. क्षणभर अंधार, आणि मग चित्र आलं. बारीक, रेखीव, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, शेरा, सगळं एका पडद्यावर.

“मावलं सारं,” शालूबाई हळूच म्हणाल्या आणि खुर्चीला टेकल्या. चाचांनी झाकणाचे स्क्रू मोजून घट्ट केले. गुलाबरावांनी स्वतः जाऊन तिघांसाठी चहा सांगितला.

यादी अकरा दिवसांत पूर्ण झाली. निरीक्षकांनी पाच पुस्तकांची नावं विचारली, पाचही बाईंनी पडद्यावर काढून दाखवली आणि लगोलग कपाटातून आणून समोर ठेवली. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी बाईंचं पूर्ण नाव लिहिलं.

ही गोष्ट बोलता बोलता जिल्हाभर पसरली. थंडीत वरवट बकाल गावाहून फोन आला. तिथल्या वाचनालयात चार कॉम्प्युटर याच दुखण्यानं पडून होते. शालूबाई दोन एसट्या बदलून तिथं पोचल्या. जेवणाच्या आत त्यांनी तीन पडदे नीट केले. चौथ्यापुढं तिथल्या ग्रंथपाल अंबूबाईंना बसवलं, आकडे वाचून दाखवले, आणि तो त्यांच्याच हातून करून घेतला.