ओट्यावर ठेवलेली सुरी

दुकानात ती जपानी सुरी हातात घेतली आणि मी हरखूनच गेले. इतकी हलकी, की मूठ रिकामीच वाटावी! आजवर मी जड वस्तूलाच टिकाऊ समजत आले होते. घरी येऊन टोमॅटो चिरला, तर चकतीतून खिडकीतला उजेड आरपार!

गुडघ्यांमुळे सासूबाईंची विळी सुटली होती, जड सुरी मनगटाला पेलत नव्हती. वर्षभर त्या स्वयंपाकघरात नुसत्या बसून असायच्या. सुरी थेट हातात दिली की भांडण होतं म्हणतात, म्हणून मी ती ओट्यावर ठेवली. त्यांनी उचलली आणि जुडीभर कोथिंबीर भराभर चिरून टाकली.

"उद्यापासून भाजी मीच चिरणार!"

"अहो आई, पण सुरी मी माझ्यासाठी आणलीय!"

"मग दुसरी आण."

ओट्यावर ठेवूनही भांडण जुंपलंच. वर्षभरात पहिल्यांदा. मला हसू आवरेना.